पंकमधला राग कुणावर आहे, ते कसं ओळखायचं

पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं वेगवान, चिडकं रॉक संगीत, पहिल्यांदा ऐकताना फक्त आरडाओरडा कळतो. म्हणून आधी गाण्याचे शब्द समोर घ्या आणि नुसते वाचा.

मी ते केलं नव्हतं. लंडनच्या 'द क्लॅश' या पंक बँडचं 'व्हाइट रायट' (म्हणजे 'गोऱ्यांची दंगल', 1977) नावावरूनच गोऱ्यांची तळी उचलणारं असणार, असं ठरवून वर्षभर त्याच्या वाटेला गेलो नाही. वर मित्रालाही शहाणपणा शिकवला. शब्द वाचले तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं. गाण्यात आहे तो हेवा: काळी पोरं अन्यायाविरुद्ध उठतात आणि आम्ही गोरे सांगितलं तसं निमूट वागतो.

शब्दांनंतर साल बघा. ऑगस्ट 1976 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये काळे तरुण पोलिसांना भिडले, तेव्हा क्लॅशमधले जो स्ट्रमर आणि पॉल सिमोनन त्याच गर्दीत होते. त्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन स्थलांतरितांविरुद्ध बरळला. त्यावर चिडलेल्यांच्या पत्रातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' हे वर्णद्वेषाविरुद्धचं आंदोलन उभं राहिलं.

मग शेजारी कोण वाजवतंय ते बघा. 30 एप्रिल 1978, लंडनचं व्हिक्टोरिया पार्क, याच आंदोलनाचा कार्यक्रम: क्लॅशबरोबर रेगे (जमैकाचं संगीत) वाजवणारं 'स्टील पल्स' आणि 'एक्स-रे स्पेक्स', जिच्या गायिकेचे, पॉली स्टायरीनचे, वडील सोमाली. पण मी अडकतो ते जिमी पर्सीपाशी. त्याच्या 'शॅम 69' या पंक बँडच्या कार्यक्रमांना 'नॅशनल फ्रंट' या ब्रिटनमधल्या वर्णद्वेषी पक्षाची टाळकी गर्दी करायची. तो त्या दिवशी क्लॅशच्या स्टेजवर चढला आणि 'व्हाइट रायट' गायला. आपल्याच चाहत्यांना तोंडावर सांगायला छाती लागते.

कपड्यांवरून मात्र निकाल देऊ नका. सुरुवातीला 'सेक्स पिस्टल्स' या पंक बँडच्या सिड व्हिशससारखे लोक नुसतं डिवचायला नाझींचं स्वस्तिक घालून फिरत. मला तो पोरकटपणाच वाटतो, आणि तो महागातही पडला, कारण खरे नाझीही कार्यक्रमांना येऊ लागले. 1981 मध्ये 'डेड केनेडीज' या अमेरिकन पंक बँडने नाझी पंकना थेट शिवी घालणारं गाणं काढलं आणि रेकॉर्डसोबत दंडावर बांधायची, स्वस्तिकावर काट मारलेली पट्टी दिली. ती शिवी सरकारला नव्हती, समोर धक्काबुक्की करणाऱ्या आपल्याच प्रेक्षकांतल्या दांडगटांना होती.

सुरुवात 'व्हाइट रायट'च्या सिंगलपासून (सुट्या गाण्याच्या रेकॉर्डपासून) करा, अल्बमवरच्या आवृत्तीपासून नको. सिंगल पोलिसांच्या भोंग्याने सुरू होते आणि दोन मिनिटांच्या आत संपते. त्या मित्रालाही मी तीच पाठवली, शब्दांसकट.