मांजराची पिल्लं सांभाळताय? खेळाच्या बाबतीत या चुका टाळा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली सापडलेली पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत घरी आणून सांभाळणारे बरेच जण आहेत. दूध कुठलं, जंताचं औषध कधी, हे सगळे विचारून घेतात. खरी पंचाईत होते ती साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पिल्लं खेळायला लागली की. ‘चावतं’, ‘रात्रभर धुमाकूळ घालतं’, ‘एकमेकांच्या जिवावर उठतात’ अशा तक्रारी सुरू होतात. पिल्लाचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम. ती बंद पाडता येत नाही, फक्त योग्य वस्तूकडे वळवता येते.

हाताचं खेळणं करणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. महिन्याच्या पिल्लाचे दात टोचले तरी गंमत वाटते, म्हणून बोटं नाचवली जातात. सहा महिन्यांनी तेच दात रक्त काढतात, आणि तोवर पिल्लू दुसऱ्याच्या घरी गेलेलं असतं. ‘चावरं आहे’ म्हणून परत येणाऱ्या मांजरांमध्ये अशी कितीतरी असतात.

पिल्लाने बोट धरलं तर हिसका देऊन ओढू नका. हलणारी, पळणारी गोष्ट म्हणजे सावज, एवढंच त्याला कळतं. हात स्थिर ठेवा, पकड सुटली की शांतपणे बाजूला घ्या आणि काठीला बांधलेलं फडकं पुढे सरकवा. फटका मारू नका, तोंडावर पाणीही उडवू नका. त्याने चावणं थांबत नाही, माणसाची भीती मात्र बसते. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाच्या दाताने किंवा नखाने कातडी फाटली, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून रेबीजची जोखीम घेऊ नका.

भावंडांना वेगळं करणं

किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हे पिल्लू भावंडांकडूनच शिकतं. जोरात चावलं की दुसरं ओरडतं आणि खेळ सोडून निघून जातं. हा धडा माणसाला तितका चांगला देता येत नाही. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लं वाटू नका, आणि जमलं तर दोघांना एकाच घरी द्या.

कुस्ती बघून घाबरू नका. पाठीची कमान करून तिरक्या उड्या मारणं हे खेळायचं आमंत्रण असतं. कधी एक वर, कधी दुसरं, आणि फारसा आवाज नाही, तर तो खेळच. कान मागे चपटे, गुरगुर, फिसकारणं, आणि एकच पिल्लू सतत पळून लपतंय, असं असेल तेव्हा मात्र मध्ये पडा. तेही हाताने नाही, मध्ये उशी किंवा पुठ्ठा घालून.

रात्रीच्या दंग्यावर ओरडणं

मांजर पहाटे आणि संध्याकाळी जास्त चळवळं असतं. निजायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दमेपर्यंत पळवा आणि लगेच खायला द्या. शिकार, मग जेवण, मग अंग चाटून झोप, हा क्रम त्यांच्या अंगातच असतो. लेझरचा ठिपका वापरत असाल तर शेवटी तो एखाद्या खेळण्यावर आणून थांबवा. हाती काहीच न लागल्याने पिल्लू चिडचिडं होतं.

दोरा, लोकर, रबरबँड

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही, तो आतच जातो आणि आतडी गोळा करून कापू शकतो. शिवणाची टोपली, फुलांच्या हारांचे दोरे, मांजा, राखीची जर, सगळं उचलून ठेवा. काठीचं खेळणंही खेळ संपला की कपाटात. तोंडातून किंवा शी करताना दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, तसंच पशुवैद्याकडे न्या.

अचानक शांत झालं म्हणून हायसं वाटणं

काल पडद्यावर चढणारं पिल्लू आज कोपऱ्यात बसून आहे, फडकं हलवलं तरी नुसतं बघतंय, तर ते शहाणं झालेलं नसतं. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांमधल्या जीवघेण्या, एकमेकांना लागणाऱ्या विषाणूच्या आजाराची सुरुवात अशीच होऊ शकते, आणि लस न झालेलं पिल्लू एक-दोन दिवसांत हातचं जातं. अंग गार लागतंय का, उलटी-जुलाब आहेत का, हे बघा आणि उद्यावर न ढकलता दवाखाना गाठा. बाकीच्या पिल्लांना लगेच वेगळ्या खोलीत हलवा.