एप्रिलच्या बर्फात जाताना

सह्याद्रीत पोहे खाऊन आठला निघायची सवय मनालीच्या वर, धुंदी–बकरथाचकडे चालणार नाही. एप्रिलमध्ये मी तीनचा गजर लावते. निरभ्र रात्री बर्फ गोठून कडक होतो. ऊन चढलं की वितळलेलं पाणी आत झिरपतं, थरांची पकड सुटते आणि ओला उतार खाली येतो, म्हणजेच हिमस्खलन होतं.

तंबूबाहेर आलात की आधी बुटाची टाच आपटून बघा. टक् आवाज आला, टाच जेमतेम रुतली, तर निघा. पाय घोट्याच्या वर गेला तर त्या दिवशी उतारावर जायचंच नाही. रात्रभर ढग असतील तर बर्फ नीट गोठत नाही, आपल्याला कितीही थंडी वाजली तरी. मागच्या खेपेला आम्ही अशाच सकाळी तंबूत थांबलो. दहाच्या सुमारास समोरच्या पूर्वेकडच्या उतारावरून लाडवाएवढे गोळे गडगडू लागले, मागे चाकोऱ्या सोडत. हे गोळे दिसले की लगेच तिथून निघा.

पूर्वेचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत धोक्याचा. मोबाइलवर कोन मोजता येतो. तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावरचा उतार मोजाच.

संशयाची जागा एकेकाने ओलांडा, बाकीच्यांनी नजर ठेवा. ट्रान्सीव्हर (बर्फाखालचा माणूस शोधायला मदत करणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच मोलाची, आणि तेवढ्यात पोहोचू शकतात ते फक्त सोबतचे.