शालेय क्रिकेटची बातमी करताना मैदानावर कुठे बसाल?

मुंबईतल्या आंतरशालेय स्पर्धांपैकी हॅरिस शील्ड असो की जाइल्स शील्ड, शालेय सामन्याला पत्रकार कक्ष वगैरे नसतो. असते ती स्कोअररच्या टेबलाशेजारची प्लॅस्टिकची खुर्ची. पाणी, टोपी, पॉवर बँक घरूनच न्या. स्कोअररला आधी नमस्कार करा, मग खुर्ची ओढा.

खुर्ची कुठे ठेवायची, हे मात्र नीट ठरवा. ‘सीमारेषेबाहेर बसा म्हणजे झालं’ असं जो सांगतो, तो आझाद मैदानावर दिवसभर बसलेला नाही. तिथे एका सामन्याची सीमारेषा दुसऱ्याच्या मिडविकेटमधून जाते. आपल्या सामन्यातला चेंडू दिसतो. लागतो तो शेजारचा. जानेवारी 2024 मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर शेजारच्या सामन्यातला चेंडू डोक्याला लागून एका खेळाडूचा जीव गेला. तो तर मैदानात उभा होता. आपण मान खाली घालून फोनवर टाइप करत असतो.

माझ्या कोपरावर असाच शेजारच्या सामन्यातला, पुल शॉट मारलेला एक चेंडू आदळला होता. कुणीतरी ‘बॉल!’ म्हणून ओरडलं आणि मी वर पाहिलं. हीच चूक. हाक ऐकली की वर बघायचं नाही. हनुवटी छातीला, दोन्ही हात डोक्यावर, आणि खाली वाकायचं. चेंडू शोधत बसलात तर तो तोंडावर येतो. सुमारे 160 ग्रॅमचा लेदर बॉल आहे तो. कानात इयरफोन तर अजिबात नको.

तेव्हापासून मी आधी शेजारच्या खेळपट्ट्या बघतो. शाळेतली मुलं बहुतेक एकाच बाजूला, लेगला, उचलून मारतात आणि षटकागणिक टोक बदलतं, तशी ती बाजूही बदलते, म्हणून शेजारच्या खेळपट्टीच्या दोन्ही बगला धोक्याच्या. तिच्या टोकांच्या रेषेत बसणं त्यातल्या त्यात बरं. पाठीशी झाडाचं खोड मिळालं तर उत्तम. तंबूच्या कापडाच्या भरवशावर राहू नका. सगळ्यात जवळच्या खेळपट्टीकडे पाठ करायची नाही, मग ऊन डोळ्यांवर आलं तरी चालेल. आणि टाइप करायचं ते तिथलं षटक संपल्यावर. दोन मिनिटं उशिरा गेलेल्या स्कोअरने कुणाचं काही बिघडत नाही.

मुलांचे फोटो प्रशिक्षकाला विचारून काढा. मैदानातून निघण्यापूर्वी आकडे स्कोअरबुकशी ताडून घ्या.

बातमीमागे मानधन घेत असाल, तर लागल्यास उपचाराचा खर्च कोण देणार, हे संपादकाला हंगामाआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माझ्या एक्स-रेचे पैसे मीच भरले. ‘मैदानात कशाला गेलात?’ एवढंच मला ऐकवण्यात आलं.

डोक्याला लागलं तर बर्फ लावून बातमी पुरी करत बसू नका. आझाद मैदानापासून सेंट जॉर्ज आणि जीटी (गोकुळदास तेजपाल), दोन्ही सरकारी रुग्णालयं जवळ आहेत. बरं वाटत असलं तरी एकट्याने लोकल पकडू नका. स्कोअररला सोबत कुणी द्यायला सांगा, आणि बातमी टॅक्सीतून फोनवर सांगून टाका.