जुना बिग-वेव्ह ‘गन’ सर्फबोर्ड: ओळखताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

साठ-सत्तर वर्षांचा सर्फबोर्ड हाती आला की बहुतेक जण आधी त्याला धुतात, मग घासतात, आणि काय घासून टाकलं ते नंतर शोधत बसतात. क्रम उलटा हवा. आधी टेप, मग वजनकाटा, मग नाणं. पॉलिश पेपरला हात सगळ्यात शेवटी.

लांब आहे म्हणून गन समजणे

गन म्हणजे मोठ्या लाटांसाठी घडवलेला लांब, निमुळता बोर्ड. दहा-अकरा फूट लांबी पाहून लाँगबोर्डला गन म्हणण्याची चूक सर्रास होते. लांबीवरून काहीच ठरत नाही, नोजवरून ठरतं. पुढच्या टोकापासून बारा इंचांवर आडवी रुंदी मोजा. लाँगबोर्डवर ती साधारण १७-१८ इंच भरते, कारण पुढे चालत जाऊन उभं राहायला जागा लागते. गनवर ती १२ ते १५ इंचांत आटोपते. मधली रुंदी २०-२२ इंच, टेल, म्हणजे मागचा भाग, निमुळती होत टोकाला मिळालेली, आणि सर्वांत रुंद जागा बहुधा मध्यापासून थोडी नोजच्या बाजूला. लांबी मोजताना टेप स्ट्रिंगरवरून, म्हणजे मधल्या उभ्या लाकडी पट्टीवरून, पृष्ठभागाला चिकटवून न्या. हवेत ताणलेला टेप वाकाची लांबी खातो.

हा आकार का, हे कळलं की दुरुस्तीतल्या निम्म्या चुका आपोआप टळतात. आठ मीटर खोल पाण्यात फुटायला आलेली लाट ताशी तीसेक किलोमीटरने पुढे सरकत असते. हातांनी वल्हवणारा माणूस जीव तोडूनही ताशी सहा-सात किलोमीटरच्या पुढे जात नाही. ही तफावत भरून काढायची म्हणून लांब, जेमतेम वाकलेला बोर्ड. पण लाट पकडल्यावर त्याच वेगात रुंद टेल पाण्यावर उचलली जाते, घसरते आणि स्वार फेकला जातो. म्हणून टेल अरुंद.

हा धडा हवाईच्या पोरांनी १९३७ साली कुऱ्हाडीने शिकला. जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ आणि फ्रॅन हीथ या होनोलुलूच्या तिघांचे रेडवुडचे फळकुटासारखे बोर्ड मोठ्या लाटेवर आडवे घसरत. केलीने एका बोर्डाची टेल तासून अरुंद केली, खालून तिला ‘व्ही’चा आकार दिला, आणि फिन, म्हणजे टेलखालचा उभा पंख, नसतानाही बोर्ड लाटेला धरून राहू लागला. हाच ‘हॉट कर्ल’. पुढे बाल्सा हे हलकं लाकूड आणि फायबरग्लास आलं, फिन आली, आणि १९५० च्या दशकात जो क्विगसारख्या कारागिरांनी हवाईतल्या मकाहा किनाऱ्याच्या लाटांसाठी लांबट, निमुळते बोर्ड घडवले. हत्तीच्या शिकारीला हत्ती मारायचीच बंदूक लागते, या अर्थाने सर्फर बझी ट्रेंटने त्यांना ‘एलिफंट गन’ म्हटलं. त्यातली गन तेवढी टिकली. १९५७ च्या नोव्हेंबरात सर्फर ग्रेग नॉल आणि त्याचे सोबती हवाईतल्याच वाइमिया बेच्या लाटांवर उतरले तेव्हा हातातले बोर्ड तिथे अपुरे पडले. त्यानंतर पॅट करनने खास वाइमियासाठी घडवलेल्या बाल्साच्या गन आज सर्वांत जास्त शोधल्या जातात, आणि सर्वांत जास्त नकलाही त्यांच्याच होतात.

एका खुणेवरून साल ठरवणे

विकणारा सांगतो ते साल ऐकून घ्यावं आणि बोर्डाला विचारावं. हॉबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क या कॅलिफोर्नियाच्या बोर्ड बनवणाऱ्यांचा पॉलियुरेथेन फोम १९५८ पासून पसरला. त्यामुळे ‘१९५४ ची पॉलियुरेथेन फोमची गन’ म्हटलं की तिथेच थांबा. उलट मात्र खरं नाही. फोम आल्यावरही मोठ्या लाटांसाठी बाल्सा काही वर्षं वापरात होता, म्हणून बाल्सा दिसला की १९५८ पूर्वीचा असं धरू नका. पायाला दोरी बांधायची पद्धत १९७० च्या दशकातली. जुन्या बोर्डावर दोरीची खोबणी किंवा फिनच्या मागच्या कडेला पाडलेलं भोक दिसलं तर ते नंतरचं काम. त्याने बोर्ड खोटा ठरत नाही, एवढंच कळतं की सत्तरीतही कोणीतरी तो पाण्यात नेत होतं.

सही कुठे आहे हे सहीपेक्षा महत्त्वाचं. खरी सही आणि मापं बहुधा पेन्सिलीने स्ट्रिंगरजवळ, काचेच्या (फायबरग्लासच्या) थराखाली असतात. वरच्या चकाकत्या थरावर मार्करने केलेली सही काल संध्याकाळीही झालेली असू शकते.

बोर्डासोबत ‘वीस फुटी लाटेसाठी’ अशी नोंद आली तर लक्षात ठेवा की हवाईत लाट जुन्या रिवाजाने कमी करून सांगतात. समोरून दिसणारी उंची जवळपास दुप्पट धरायची.

ओलं लाकूड बंद करणे

बाल्सा बोर्डाचा खरा घात इथे होतो. भेग दिसते, कोणीतरी त्याच दिवशी रेझिन, म्हणजे सुकून टणक होणारा चिकट द्राव, भरतं, आणि आतलं पाणी कायमचं आत राहतं. लाकूड काळं पडतं, कुजतं, उन्हात आतली दमट हवा फुगते आणि काच सुटते.

आधी नाण्याने पूर्ण पृष्ठभाग वाजवून पाहा, चार-चार बोटांवर. चिकटलेल्या जागी कोरडा ‘टक’ येतो, सुटलेल्या जागी पापडासारखा पोकळ आवाज. सुटलेल्या भागाभोवती मास्किंग टेपने रेघ आखा. टेलचं टोक दोनदा तपासा. तिथे लाकडाचे उभे तंतू उघडे पडतात आणि वातीसारखं पाणी वर ओढतात.

मग बोर्ड सावलीत, भेग खाली येईल असा ठेवून पंखा लावा. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही तरच पुढचं काम. उन्हात ठेवून घाई करू नका, हीटर तर नकोच. कोकण किंवा गोव्यात हे काम करत असाल तर जून ते सप्टेंबर भेग बंद करायचा विचारच सोडा. पावसाळी हवेत लाकूड आपला ओलावा १८-२० टक्क्यांखाली जाऊच देत नाही, त्यामुळे काट्यावर वजन स्थिर दिसतं आणि लाकूड ओलंच असतं. दिवाळीनंतर उघडा.

होडीचं सामान बोर्डाला लावणे

मासेमारीच्या फायबर होड्यांचं सामान किनाऱ्यावर सहज मिळतं, म्हणून तेच वापरलं जातं. होडीची मॅट म्हणजे आडवेतिडवे तुकडे दाबलेला थर. तो रेझिन भरपूर पितो, जाड होतो आणि टणक ठिगळासारखा बसतो. त्याच्या कडेलाच नवी भेग जाते. बोर्डाला विणलेलं कापड लागतं. जुन्या गनवर बहुधा चौरस यार्डाला दहा औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅमचं कापड असे. त्यातल्या व्होलान कापडाला बाटलीच्या काचेसारखी हिरवट झाक असते. तिथे आजचं पारदर्शक कापड लावलं तर ठिगळ दहा फुटांवरून ओळखू येतं.

पॉलिएस्टर रेझिन आपल्याकडे बहुधा तीन डब्यांत मिळतं: रेझिन, कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा) आणि हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच असतो, दुकानदाराला विचारून घ्या. हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम. तीस अंशांच्या हवेत एकाच्या आसपास राहा. ‘लवकर सुकावं’ म्हणून चार ग्रॅम घातले की कप हातात तापतो, थर पिवळा पडतो आणि तडकतो. आधी ५० ग्रॅमचा एक कप बनवून घड्याळ लावा. खोल खड्डा एकदम भरू नका, पाच-सहा मिलिमीटरचे थर द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. हार्डनरचा थेंब डोळा घालवू शकतो.

भेगेभोवती दीडेक इंच जागा ८० नंबरच्या पेपरने खरवडा, पण कापडाची वीण दिसू लागली की थांबा. कंपनीचा शिक्का बहुधा पातळ कागदावर छापून काचेखाली बसवलेला असतो. त्याच्यावर पेपर चालवला तर बोर्डाचं नाव आणि निम्मी किंमत धुळीत जाते.

पूर्वी कोणी इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन लावलं असेल तर त्यावर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी मात्र धरतं. शंका असेल तिथे इपॉक्सीच वापरा. आणि आत थर्माकोलच्या जातीचा फोम असेल तर पॉलिएस्टर नकोच, त्यातलं स्टायरीन फोम खाऊन पोकळी करतं. १९४९ च्या सुमारास बोर्ड बनवणाऱ्या बॉब सिमन्सने असा फोम वापरला तो प्लायवूड आणि बाल्साच्या आवरणात झाकून, ते याचसाठी.

रेल आणि फिन ‘सुधारणे’

१९५० च्या दशकातल्या गनच्या रेल, म्हणजे बाजूच्या कडा, गोलसर असतात. त्यांना आजची धारदार कड देणं म्हणजे बोर्ड खोटा करणं. १९७० नंतरच्या गनवर उलट, टेलजवळची खालची कड मुद्दाम तीक्ष्ण असते, पाणी तिथून तुटून सुटावं म्हणून. पॉलिश पेपर हातात धरून घासलं की ती नकळत गोल होते. पेपर लाकडी ठोकळ्यालाच गुंडाळा.

तुटलेली लाकडी फिन स्क्रूने बसवू नका. स्क्रूचं भोक म्हणजे पाण्याला आत जायची वाट. जुनी खाच साफ करा, फिन जागेवर धरून दोन्ही बाजूंना गुण्या लावा, टोकापासून दोन्ही रेलपर्यंत दोरीने अंतर मोजा आणि मगच कापडाच्या पट्ट्यांनी बुडखा बांधा. दोन मिलिमीटरचा फरक लहान लाटेवर जाणवत नाही. वाइमियाच्या वेगात तो बोर्ड एका बाजूला ओढतो.

टांगायचा तर दोन रुंद पट्ट्यांवर, प्रत्येक टोकापासून लांबीच्या चौथ्या भागावर. फिनवर भार नको, टेल जमिनीला टेकवून उभा नको, आणि खिडकीतल्या उन्हात तर नकोच.