प्रूफ सिल्व्हर ईगल घेताय? मग किंमत अशी काढा

अमेरिकन सिल्व्हर ईगल म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचं चांदीचं नाणं, आणि प्रूफ म्हणजे त्याचा संग्राहकांसाठी खास आरशासारखा चकचकीत पाडलेला प्रकार. ते जमवणाऱ्यांना 1995 चं डब्ल्यू मार्कवालं, म्हणजे वेस्ट पॉइंट टांकसाळीचं अक्षर असलेलं प्रूफ माहीत नाही असं होत नाही. फक्त 30,125 नग काढले आणि ते सुटं मिळतच नव्हतं, दहाव्या वर्षाच्या सेटमध्ये चार सोन्याच्या नाण्यांबरोबर 999 डॉलरला घ्यावं लागायचं. आज त्या एकट्या नाण्याचे हजारो डॉलर पडतात. चांदी मात्र साध्या ईगलइतकीच, एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम.

म्हणून आधी त्या दिवशीच्या भावाने 31.1 ग्रॅम चांदीचे किती होतात ते काढा. त्याच्यावर जे पैसे मागतायत ते दुर्मिळपणाचे, आणि खरी पारख तिथेच करायची असते.

मग नाणं प्रूफच आहे ना ते बघा. प्रूफवर टांकसाळीचं अक्षर 1986 ते 92 एस (सॅन फ्रान्सिस्को), 1993 ते 2000 पी (फिलाडेल्फिया) आणि 2001 पासून डब्ल्यू, असं ढोबळमानाने धरा. 2009 ला प्रूफ निघालंच नाही, त्यामुळे कोणी ते विकत असेल तर सरळ नको म्हणा. दिव्याखाली तिरकं धरलं की मोकळी जागा आरशासारखी काळी दिसते आणि लिबर्टीची आकृती पांढरी, दवाळलेली उठून येते. दुधाळ ठिपके दिसले तर किंमत पाडून मागा, ते पुसून जात नाहीत.

1995 चं घेताना भिंग हवंच. त्याच वर्षी पी मार्कची प्रूफ चार लाखांच्या वर निघाली, त्यामुळे पी खरवडून डब्ल्यू चिकटवायचा मोह लोकांना होतो. गरुडाच्या शेपटीजवळ अक्षराभोवतीचा आरसा बघा, तो कुठे धूसर किंवा घासलेला वाटला तर हात लावू नका. माझं मत विचाराल तर हे नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतच घ्यावं, आणि डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघावा, कारण डब्यासुद्धा नकली येतात.

भाव बघताना मागितलेला नाही, विकलेला बघा, आणि ग्रेड तोच असू दे. ग्रेड 70 पर्यंत असतो, 70 म्हणजे निर्दोष. 69 आणि 70 मध्ये डोळ्याला फरक दिसत नाही पण पैशात प्रचंड असतो. 2013 मध्ये याच नाण्याचा 70 ग्रेडचा एक नग लिलावात 86 हजार डॉलरच्या वर गेला, कारण तेव्हा पीसीजीएसने 70 दिलेले नग अगदी मोजके होते. पुढे लोकांनी आपापली नाणी ग्रेडिंगला पाठवली, 70 वाले वाढले आणि भाव जोरात खाली आला. नाणी 30,125 च होती! म्हणून घ्यायच्या आधी त्या ग्रेडचे किती नग आहेत हा पॉप्युलेशन रिपोर्ट उघडाच, फुकट असतो.

घरी आणल्यावर रांगोळी, टूथपेस्ट, चिंच काही लावायचं नाही, आपल्याकडे चांदी दिसली की घासायची सवय असते आणि एका घासण्यात प्रूफचा आरसा जातो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो. मूळ डबी आणि सर्टिफिकेट जपून ठेवा, विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.