जुन्या फर्निचरला रंग देऊन नवं रूप कसं द्यावं

वापरलेलं कपाट किंवा ड्रॉवरचं टेबल जुनाट दिसतं ते सहसा लाकडामुळे नाही. चकचकीत तांबूस पॉलिश, पितळेचा आव आणणाऱ्या नक्षीदार मुठी आणि पायाशी ठोकलेली कोरीव पट्टी, या तिघांनी मिळून ते जुनाट केलेलं असतं. म्हणून नुसता वरून रंग फासला तर फार काही बदलत नाही, जुनंच कपाट वेगळ्या रंगात दिसतं. काय काढायचं, काय तसंच ठेवायचं आणि कशावर रंग चढवायचा, हे डबा उघडण्याआधी ठरवावं लागतं.

वस्तू निवडताना

हलवून बघा. सांधे ढिले असले तर पांढरा गोंद आणि क्लॅम्प लावून ते घट्ट होतात, त्याला घाबरू नका. पण बारीक भोकं दिसली आणि त्याखाली ताजा भुसा पडलेला असेल, तर भुंगा अजून आत आहे. त्यावर औषधोपचार झाल्याशिवाय ती वस्तू घरात आणू नये. पाणी पिऊन फुगलेला पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) कशानेच पूर्ववत होत नाही, तो सोडूनच द्या.

फळीची कड नीट पाहा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर ते भरीव लाकूड. रेषा कडेशी अचानक तुटत असतील तर वर व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा आहे. हा पापुद्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे त्यावर घासायचं मशीन चालवलं की खालचा प्लाय उघडा पडतो. आणि भरीव, सुंदर रेषांचं लाकूड हाती लागलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ते रंगाखाली गाडू नका, नवं पॉलिश करा.

सुटं करा, धुवा

मुठी, बिजागऱ्या, कुलपं सगळं काढा. प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळ्या पुडीत घालून वर लिहून ठेवा, ड्रॉवरच्या मागेही पेन्सिलीने क्रमांक टाका. जुने ड्रॉवर दिसायला सारखे असले तरी आपापल्या खणातच नीट बसतात.

मग कोमट पाणी आणि भांडी धुण्याचा साबण घेऊन सगळं पुसून काढा. मुठींभोवतीचा हाताचा तेलकटपणा आणि वर्षानुवर्षं चोळलेलं मेण हे रंग सोलून निघण्याचं मोठं कारण असतं. आधी घासून मग धुतलं तर तेच मेण पॉलिश पेपरने लाकडात मुरवलं जातं, म्हणून क्रम हाच ठेवा. मेणाचा थर जाड असेल तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. नंतर साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

घासणं आणि पुट्टी

सगळं पॉलिश खरवडून काढायची गरज नाही. चकाकी मरून पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला की पुरे. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा, सनमायकावर २२० पुरतो. आधीचा रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. असा थर कोरडा घासून धूळ उडवू नका. आधी तपासून घ्या, किंवा ते काम जाणकारावर सोपवा.

आता मुठींचा प्रश्न. नव्या मुठीच्या दोन भोकांमधलं अंतर जुन्याशी जुळेलच असं नाही, ९६ आणि १२८ मिलिमीटर ही मापं सर्रास मिळतात. जुळत नसेल तर जुनी भोकं आताच लाकडाच्या पुट्टीने भरा. पुट्टी वाळताना आत बसते, म्हणून जरा वर येईल अशी भरा आणि वाळल्यावर समतल घासा. कोरीव पट्टी बहुधा खिळ्यांवर असते, पातळ पट्टीने हळूच उचकटली तर निघून येते. इतकं झालं तरी कपाट निम्मं बदललेलं दिसतं.

प्रायमर

प्रायमर म्हणजे रंगाआधी द्यायचा पायाचा थर. इथे कंजुषी करू नये. गडद लाकडावर पांढरा रंग दिला की पिवळट-तपकिरी डाग वर येतात. लाकडातलं टॅनिन नावाचं नैसर्गिक द्रव्य पाण्यात विरघळतं आणि पाण्याच्या रंगातून वर झिरपतं. रंगाचे आणखी हात मारून ते थांबत नाही, दरवेळी डाग परत येतो. त्याला डाग अडवणारा प्रायमर हवा, लाखेवर आधारित प्रायमर या कामी सर्वांत भरवशाचा. सनमायकासाठी चिकटून बसणारा, म्हणजे बाँडिंग प्रायमर घ्या.

प्रायमर पूर्ण वाळल्यावर मागच्या बाजूला एक परीक्षा करा. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीसोबत प्रायमर निघाला तर खाली अजून मेण आहे. पुन्हा धुवायला कंटाळा येतो खरा, पण रंग दिल्यावर पोपडे सुटण्यापेक्षा ते परवडतं.

रंग

भिंतीचा इमल्शन उरलाय म्हणून तो वापरायचा मोह टाळा. तो मऊ राहतो, त्यामुळे दार चौकटीला चिकटतं आणि वर ठेवलेली वस्तू उचलताना रंग घेऊन येते. लाकूड आणि धातूसाठीचा पाण्यावर आधारित इनॅमल घ्या. तेलाचा इनॅमल कणखर असतो, पण पांढरा असला तर काळानुसार पिवळा पडतो, कपाटाच्या आत अंधारात तर जास्तच.

चकाकी सॅटिन (मंद चमक) किंवा मॅट (बिनचमक) ठेवा, ग्लॉसमध्ये प्रत्येक खड्डा उठून दिसतो. छटेबद्दल नियम नाही, पण एका वस्तूला एकच रंग द्या आणि पाय किंवा वरची फळी लाकडाची राहू द्या. दोन-तीन रंगांची कलाकारी केली की ते मुलांच्या खोलीतलं कपाट वाटायला लागतं.

कोपरे आणि खाचा ब्रशने, सपाट भाग चार इंची बारीक रोलरने करा. हात पातळ द्या, दोन-तीन लागतील. कडेशी रंग साचला तर ओला असतानाच ओढून घ्या. वाळायला लागलेल्या रंगावरून पुन्हा ब्रश फिरवला तर पट्टे कायमचे बसतात. दोन हातांच्या मध्ये ३२० च्या कागदाने हलकेच घासून धूळ ओल्या फडक्याने टिपा.

ड्रॉवरच्या बाजू आणि खणाच्या आतल्या पट्ट्या रंगवू नका. रंगाच्या जाडीनेच तो अडकायला लागतो. लाकडी पट्ट्यांवर मेणबत्ती घासली की सुळसुळीत सरकतो.

जोडणी आणि धीर

हाताला कोरडा लागलेला रंग आतून अजून कच्चा असतो. पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागू शकतात. मुठी एक-दोन दिवसांनी बसवा, पण रंग पूर्ण कडक होईपर्यंत वर फुलदाणी, गरम कप किंवा प्लॅस्टिकचा रुमाल ठेवू नका. पुसायचं झालं तर नुसतं कोरडं मऊ फडकं वापरा. तेलाचा रंग किंवा टर्पेंटाइन वापरलं असेल तर त्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेलाने माखलेलं फडकं वाळताना गरम होतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. त्या उघड्यावर पसरून वाळवा, मगच कचऱ्यात टाका.