पासथ्रू कार्डामुळे व्हीएम थांबायचं, ते असं सुटलं

केव्हीएमवरच्या (लिनक्सची व्हर्च्युअलायझेशन सोय) एका व्हीएमला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, नेटवर्क कार्ड व्हीएफआयओने (खरं उपकरण व्हीएमच्या हाती देणारा लिनक्स ड्रायव्हर) थेट जोडलेलं, म्हणजेच पासथ्रू. लोड वाढला की व्हीएम पॉझ व्हायचं, रिझ्यूमही होईना. गेस्टच्या (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमच्या) लॉगमध्ये काहीच नाही, आणि ते साहजिक आहे: पीसीआय एक्स्प्रेसची (कार्ड ज्या लिंकने जोडलं जातं तिची) एरर होस्टचं (व्हीएम ज्यावर चालतं त्या खऱ्या मशीनचं) एईआर, म्हणजे एरर टिपणारी यंत्रणा, पकडतं. ती दुरुस्त न होणारी असेल तर व्हीएफआयओ ड्रायव्हर क्यूईएमयूला (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामला) कळवतो आणि क्यूईएमयू गेस्ट जागीच थांबवतो. खराब डेटा डिस्कवर जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं, त्यामुळे हे बंद पाडायच्या वाटा शोधू नका.

खरा पुरावा होस्टच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) होता. मोठ्या एररच्या बऱ्याच आधीपासून त्याच पोर्टवर 'बॅड टीएलपी' (बिघडलेलं डेटा पॅकेट) या करेक्टेबल, म्हणजे दुरुस्त होणाऱ्या, एरर्स येत होत्या. त्या हार्डवेअर परस्पर निस्तरतं, गेस्टला पत्ताही लागत नाही. पण त्यांची रांग लागली की लिंकवर संशय घ्यावा. बायोसमध्ये स्लॉट जेन ४ वरून जेन ३ वर, म्हणजे कमी वेगावर, आणताच एरर्स थांबल्या. मग रायझर केबल (कार्ड आणि स्लॉट यांना जोडणारी) बदलून पुन्हा जेन ४ केलं. लॉग स्वच्छ राहिला.

थांबलेलं व्हीएम बंद करण्याआधी होस्टवरून मेमरी डंप जरूर घ्या. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फायलींच्या रूपात दाखवणारी जागा) उपकरणाचे एईआर काउंटर मिळतात, त्यांवर आता अलर्ट लावलाय.